‘रन’चा पसारा



शाळेत आपण ‘रन’ म्हणजे धावणे एवढंच पाठ करतो आणि क्रिकेटमुळे त्यात एका धावेची भर पडते. पण पीटर गिलिव्हर या ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कोशकारांनी या एकट्या क्रियापदाचे अर्थ निवडायला घेतले, तेव्हा त्यांचे नऊ महिने त्यात गेले. अर्थ निघाले 645! सर्वाधिक अर्थांचा मान आधी ‘सेट’कडे होता.

एवढे अर्थ आले कुठून? इंग्रजीत नदी धावते, तसं सर्दी झालेलं नाकही धावतं. धुण्यात कपड्याचा रंग गेला तरी ‘रन’, निवडणुकीला उभं राहिलं तरी ‘रन’. नाटकाचे प्रयोग सुरू असतात, बातमी छापली जाते, चोरटा माल सीमेपार नेला जातो. सगळीकडे हाच शब्द. माझ्या मते त्याला खरी बरकत आणली ती यंत्रांनी. पूर्वी पाय आणि पाणी धावत होतं. मग आगगाड्या धावू लागल्या, कारखान्यातली यंत्रं धावू लागली आणि आता संगणकातला प्रोग्रामही धावतो. इथे मराठी मात्र धावत नाही. आपलं यंत्र चालतं, दुकान चालतं, कोर्टात खटलाही चालतो. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मी सांगते, अर्थांची यादी घोकू नका. धावतंय कोण, ते आधी बघा.

हे अर्थ कोणी घरी बसून कल्पनेनं काढलेले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डला घराच्या बागेत पत्र्याची खोली बांधली होती. जगभरचे वाचक त्यांना कागदाच्या चिठ्ठ्या पाठवत. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली पुस्तकाचं नाव, साल, पान आणि तो शब्द ज्यात आला ते अख्खं वाक्य. अशा लाखो चिठ्ठ्या खणाखणांत लावायच्या, ढीग करायचे, अर्थ किंचितही बदलला की नवा ढीग. पहिला भाग 1884 साली निघाला, कोश पुरा झाला 1928 साली. मरे 1915 सालीच गेले. ‘आर’ अक्षर विल्यम क्रेगी यांनी सांभाळलं.

आता ते काम ऑनलाइन चालतं. दर तीन महिन्यांनी कोशात नवी भर पडते, जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या जातात. त्यामुळे 645 हा आकडाही कायमचा धरून चालू नका.