पिल्लांना निजायला शिकवावं लागतं

तारोडीतल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. मीरा-भाईंदरची २००२ साली महानगरपालिका झाली, तरी तारोडी, डोंगरी, उत्तनकडच्या परसातलं खुराडं काही गेलेलं नाही. उलट गटातून कर्ज काढून वनराजाची किंवा गिरिराजाची पंचवीस-पन्नास पिल्लं आणणाऱ्या बायका आहेत. आणि पावसाळ्यात एकदा तरी कानावर येतंच, की अमकीची दहा-बारा पिल्लं एका रात्रीत गेली.

अंगावर जखम नाही, दाण्यात काही नाही. मग मानमोडी आली म्हणून वाडीभर बोंब होते. पुष्कळदा झालेलं असतं एवढंच, की रात्री वीज गेली, अंधाराची सवय नसलेली पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात धावली, एकावर एक चढली आणि खालची गुदमरली.

आपल्या घरच्या खुडूक कोंबडीनं काढलेल्या पिल्लांचं असं सहसा होत नाही. ती त्यांना पंखाखाली घेते. पुढं पिसं फुटली की स्वतः उंचावर चढते आणि पिल्लांना हाक मारते. कोंबडीचं मूळ कूळ तांबड्या रानकोंबडीचं, ती रात्री झाडावर बसते. उंच बसायची ओढ रक्तातच आहे. पण उबवणी केंद्रातून आलेल्या पिल्लाला आई कुठली? तिचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आधी उबेचं बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळ साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवत असली तर गारठलीत. लांब पळून चोच उघडून धापा टाकत असली तर तापलीत. सगळीकडे पसरून निजली तर बरोबर. आणि हो, हल्लीचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही! जुना पिवळा बल्बच लावा, आणि तो पेंढ्यापासून, तुसापासून लांब टांगा. पहिल्या आठवड्यापासून रोज रात्री अर्धा-एक तास आपणहून काळोख करायचा, पण आधी पिल्लं नीट उबेत आहेत ना ते पाहून. म्हणजे वीज गेली तरी ती बावचळत नाहीत. खुराड्याच्या कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोल आडोसा केला, की रेटून चेपायला कोपराच राहत नाही.

लहान पिल्लू दिवसाही कितीदा तरी झोपतं. दाणे टिपता टिपता आडवं होतं, मान लांब, पाय पसरलेले. पहिल्यांदा पाहणारीला वाटतं मेलंच. भांड्यावर टकटक करा. चांगलं पिल्लू टुणकन उठतं. पिसं फुलवून, पंख पाडून, डोळे मिटून बसून राहिलं तर मात्र ते झोपेचं नाही. ते लगेच वेगळं ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

तीन-चार आठवड्यांची झाली की वीत-दीड वीत उंचीवर दांडी लावा. दोनेक इंच रुंद, कडा घासून गोल केलेली लाकडी फळी चांगली. लोखंडी नळी निसरडी आणि गार. बांबू असेल तर त्याची तोंडं आणि भेगा बुजवा, कारण रात्री रक्त पिणारे बारीक किडे दिवसा तिथंच दडतात. मोठ्या पक्ष्याला सहा ते आठ इंच जागा धरा. वनराजासारख्या जड पक्ष्यांना दीड फुटावर उंची देऊ नये, उडी मारताना तळपाय दुखावतात. दांड्या सगळ्या एकाच उंचीवर हव्यात, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज भांडण. (आपल्या नळावर होतं तसंच.)

मग रोज दिवेलागणीला पिल्लं उचलून दांडीवर बसवायची. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे ती फारशी धडपडत नाही. पहिले दोन-तीन दिवस निम्मी खाली उतरतील, पुन्हा बसवा. एकदा चार जणी शिकल्या की बाकीच्या त्यांच्या मागं चढतात. आठवडाभर हा त्रास घ्यावाच. कोरड्या दांडीवर निजलेली तलंग ओल्या विष्ठेत बसत नाही, आणि उद्या अंडी घालायच्या टोपलीतही झोपत नाही. ती टोपली मात्र दांडीपेक्षा खाली ठेवा, कोंबडी उंच तीच जागा निजायला धरते.

खुराड्याचं तोंड पश्चिमेला नको, समुद्राकडचा पाऊस थेट आत येतो. जाळी अर्ध्या इंचाची हवी. घूस आणि मुंगूस जमीन उकरून येतात, म्हणून पायाशी दगड दाबा. दार लावण्याआधी रोज डोकी मोजा. एखादी कमी भरली तर आंब्या-फणसाच्या फांदीवर बघा, बहुतेक तिथंच सापडेल.