मामा मुंबईला गेलाय

आजचा भाग एका पुस्तकाबद्दल आहे, पण अर्ध्या वाटेत मी माझ्या आजीकडे वळणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

लेआ यूपी यांचं 'फ्री' हे पुस्तक २०२१ साली आलं. बाई आता लंडनमध्ये शिकवतात. जन्म १९७९चा, अल्बानियातला. आपल्या कोकण विभागाहून जरासा लहान देश. एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने आधी युगोस्लाव्हियाशी, मग रशियाशी, शेवटी चीनशीही फाटल्यावर दारं लावून घेतली. रांगेत स्वतःऐवजी दगड ठेवून जायचं. कोकच्या रिकाम्या डब्यावरून शेजाऱ्यांत भांडण व्हायचं!

पण मला धरून ठेवलं ते घरातल्या बोलण्याने. घरात सतत विद्यापीठाच्या गप्पा. कोण कुठल्या विद्यापीठात आहे, कोणाला पदवी मिळाली. राजवट कोसळल्यावर पोरीला कळलं, की विद्यापीठ म्हणजे तुरुंग आणि पदवी म्हणजे सुटका. अख्खं कुटुंब वर्षानुवर्षं एन्क्रिप्ट करून बोलत होतं, आणि पासवर्ड फक्त मोठ्यांकडे. (मी सॉफ्टवेअरवाला, मला हेच सुचणार.)

हे वाचलं आणि मालवणला आजीला फोन लावला. कारण आजीचं माहेर पेडणे तालुक्यातलं, जन्म १९४८चा. म्हणजे पोर्तुगालच्या सालाझारच्या राज्यातला. सालाझार कम्युनिस्टांचा कट्टर वैरी, तेव्हा विचारसरणीची तुलना मी करतच नाहीये. पण सेन्सॉर, पोलीस, बंद दारं हे सगळं तिथेही होतं. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागे.

आणि दार दोन्ही बाजूंनी बंद होतं, हे आपण शाळेत फारसं शिकत नाही. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि त्यानंतर भारताने सीमा बंद केली, गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. आजी तेव्हा सात वर्षांची. तिला आठवतात ते बटाटे. हॉलंडचे! बोटीने यायचे. पलीकडे बांदा, जिथे तिच्या आईचं माहेर, पायी काही तासांची वाट. पण तिकडे जायचं नाही. पणजीचे वडील बांद्याला वारले, ते कळलं तेव्हा तेरावाही उलटून गेला होता. हॉलंडचा बटाटा घरात पोचत होता, बांद्याचा निरोप नाही.

मग मी विचारलं, घरात असं काही गुपित बोलणं चालायचं का गो? आजी जरा थांबली. म्हणाली, "मामा मुंबैक गेलो म्हणून सांगी होते."

मामा मुंबईला कामाला गेलाय, पैसे पाठवतो, दिवाळीला येईल. तीन दिवाळ्या गेल्या. आजी शाळेतही तेच सांगायची, आणि ती खरं समजूनच सांगत असल्यामुळे कोणाला संशय यायचा नाही. लहान मुलाला खोटं शिकवण्यापेक्षा हे सुरक्षित. मला ते हुशारीचंही वाटतं आणि क्रूरही. मामा तुरुंगात होता. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर तो घरी आला, आणि तेरा वर्षांच्या आजीने त्याला पहिलं काय विचारलं? मुंबईची ट्राम कशी असते!

मामाने तिला ट्राम कशी असते ते सगळं सांगितलं. घंटा, तिकीट, सगळं. खरं काय ते तिला आणखी दोन वर्षांनी आईकडून समजलं.

गोवामुक्तीच्या गोष्टीत आपण झेंडा सांगतो, फौज सांगतो. मोहन रानडे १९६९पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते, हेसुद्धा माझ्या वयाच्या कितीजणांना ठाऊक आहे? घराघरांतली ही सांकेतिक भाषा तर कुठेच नोंदलेली दिसत नाही. पेडणे, सातार्डा, आरोंदा, बांदा इकडचं कोणी ऐकत असेल आणि घरात ऐंशीच्या आसपासचं माणूस असेल, तर फोनचा रेकॉर्डर चालू करून एकच विचारा: तेव्हा घरात कोण 'मुंबईला' गेलं होतं?

आजीचं बोलणं मी रेकॉर्ड केलंय. ते पुढच्या भागात, तिच्याच आवाजात.