पानांचा रस आणि औषधाची मात्रा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागांत पाऊस बेताचाच. तरीही अंगणांतील सदाफुली भर उन्हाळ्यांत टवटवीत असते. पूजेच्या तबकांत बारमाही फूल घालणाऱ्या या रोपापासून कर्करोगावरील औषध निघतें, हें आतां पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु घरांत कोणाला गांठ आली म्हणजे हीच माहिती निराळें रूप धारण करते. एखादी वडीलधारी व्यक्ति जवळ बसून म्हणते, "शस्त्रक्रियेची एवढी घाई कशाला? महिनाभर सदाफुलीच्या पानांचा रस घेऊन पाहा." सल्ला मायेचा असतो आणि त्यांत सत्याचा अंशही असतो, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटांतील. तिचीं पानें मधुमेहावर गुणकारी आहेत, या समजुतीची परीक्षा करतांना कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बियर यांना असें आढळलें कीं, अर्क टोंचलेल्या उंदरांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटतात. या धाग्यावरून १९५८ सालीं व्हिन्ब्लास्टीन हें द्रव्य उजेडांत आलें. त्याचें भावंड व्हिन्क्रिस्टीन यास अमेरिकेंत १९६३ सालीं मान्यता मिळाली, आणि मुलांच्या रक्तकर्करोगाच्या उपचारांत त्यानें कायमचें स्थान मिळविलें. पण असें एक ग्रॅम द्रव्य मिळण्यास शेकडो किलो वाळलेलीं पानें लागतात. रोग्याला तें मिलिग्रॅमच्या मापानें, शिरेंतून दिलें जातें. मात्रा चुकल्यास मज्जातंतूंना इजा होते. पेलाभर रसांत तें किती उतरलें, हें कोण सांगणार?

अर्क आणि औषध यांमधील अंतर तोडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांत एक नांव महाराष्ट्रांतलें आहे. मनसुखलाल वाणी १९२५ सालीं नंदुरबार येथें जन्मले, मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकले आणि पुढें अमेरिकेंत मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. पाइनप्रमाणेंच सूचिपर्णी असलेल्या पॅसिफिक यू वृक्षाची साल १९६२ सालीं गोळा करण्यांत आली. तिच्यांतील टॅक्सॉलची रचना वाणी व वॉल यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केली. अंडाशयाच्या कर्करोगावर तें १९९२ सालीं मान्य झालें. सालीपासून औषधापर्यंत तीस वर्षें! त्या शोधमोहिमेंत हजारो वनस्पती तपासल्या गेल्या. औषधपदाला पोहोंचल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. पाइनच्या सालीचा अर्कही प्रयोगशाळेंत कर्करोगाच्या पेशींना रोखतांना दिसला आहे. परंतु कांचेच्या बशींतील पेशी मरणें म्हणजे रोगी बरा होणें नव्हे.

वाणी व वॉल यांनीं १९६६ सालीं एका चिनी वृक्षांतून काढलेलें कॅम्प्टोथेसिन पुढें सह्याद्रींतील नरक्याच्या झाडांतही सांपडलें. मूळ रूपांत तें रोग्यांना सोसलें नाहीं. रसायनज्ञांनीं त्याची घडण पालटल्यावरच, १९९६ सालीं, त्यापासून झालेल्या औषधांना अमेरिकेंत मान्यता मिळाली.

म्हणून सदाफुलीचा मान अंगणांत राहावा आणि गांठीची परीक्षा रुग्णालयांत व्हावी. रस घेऊन पाहण्यांत जो महिना जातो, त्या महिन्यांत गांठ थांबत नाहीं. उपचार चालूं असतां कोणी काढा घेत असेल, तर तें डॉक्टरांपासून लपवूं नये. कांहीं वनस्पती औषधाचा परिणाम बदलतात. ज्या वडीलधाऱ्या व्यक्तीनें मायेपोटीं रस सुचविला, तिनेंच रोग्याचा हात धरून तपासणीस जावें. त्या मायेचा याहून चांगला उपयोग नाहीं.