न्याहारी आणि चरबीचा हिशेब
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आरोग्यावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. मी डॉक्टर नव्हे, बी. ए.च्या पदवीवर केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेला आणि तीस वर्षे हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालविलेला मनुष्य आहे. परंतु आजचा विषय जितका वैद्यकाचा तितकाच हिशेबाचाही आहे, म्हणून हे धाडस करतो. शरीरातील चरबीचे प्रमाण सांगणारे वजनकाटे आता पुष्कळ घरांत आले आहेत. मोजण्यापूर्वी खाल्लेल्या अन्नाने त्या आकड्याचे काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

या यंत्रावर अनवाणी उभे राहिले की धातूच्या पट्ट्यांतून अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह शरीरात सोडला जातो. तो एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो आणि बहुधा सेकंदाला ५०,००० आवर्तने करतो, त्यामुळे आपणास काहीच जाणवत नाही. (हृदयासाठी पेसमेकर बसविलेल्यांनी मात्र या यंत्रावर चढू नये.) स्नायूंत पाणी व क्षार भरपूर, म्हणून त्यांतून प्रवाह सहज वाहतो, चरबीत पाणी अत्यल्प, म्हणून ती त्यास अडविते. हा रोध आणि वजन, एवढेच काय ते यंत्र मोजते. रोधावरून, उंची व वय यांचा आधार घेऊन, अंगातील पाण्याचा अंदाज बांधला जातो. चरबी वगळता उरलेल्या देहात सुमारे ७३ टक्के पाणी असते असे धरून त्या देहाचे वजन काढले जाते आणि ते एकूण वजनातून वजा केल्यावर जे उरते, त्यास यंत्र चरबी म्हणते.

म्हणजे चरबी ही मोजलेली नव्हे, वजाबाकीतून उरलेली रक्कम आहे. ज्यांनी जमाखर्च लिहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की अशा रकमेत इतर साऱ्या बाबींच्या चुका निमूटपणे येऊन बसतात. न्याहारीही तशीच येऊन बसते.

समजा, एका गृहस्थांचे वजन ७० किलो आणि त्यांपैकी चरबी २० किलो, म्हणजे २८.६ टक्के. त्यांनी पोहे, फळे, चहा आणि पाणी मिळून एक किलोचा ऐवज पोटात टाकला व लगेच यंत्रावर चढले. वजन ७१ झाले. पण शरीराच्या एकूण रोधात धडाचा वाटा फार थोडा, सुमारे एक-दशांश. बाकी सारा हातापायांचा. पोटात काय पडले याचा यंत्राला जवळजवळ पत्ताच लागत नाही. चरबीविरहित देह त्याच्या लेखी ५० किलोच राहतो, आणि चरबी होते २१ किलो, २९.६ टक्के. एक किलो पोह्यापाण्याची क्षणात चरबी झाली, निदान कागदावर!

मौज अशी, की काही वेळाने पारडे उलट झुकते. अन्नातील पाणी व क्षार शरीरात उतरू लागतात, रक्ताभिसरण बदलते आणि रोध कमी होतो. रोध घटला की यंत्र म्हणते, पाणी वाढले, सबब चरबी घटली. स्वीडनमधील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही निरोगी माणसांना दिवसातून तीन वेळा एकसारखे भोजन देऊन चोवीस तासांत अनेकदा मोजले. प्रत्येक जेवणानंतर रोध दोन ते चार तास उतरलेला राही, आणि ही उतरण दिवसभर साचत जाई. अर्थात तोच मनुष्य सकाळी स्थूल आणि रात्री जेवून उठल्यावर थोडा सडसडीत ठरतो.

निर्जळी उपवासाने याच्या उलट होते. पाणी घटले की रोध वाढतो आणि दिवसभर काही न घेतलेल्या माणसाच्या नावावर चरबी चढते. आपली नेहमीची एकादशी मात्र यात बसत नाही. साबुदाण्याची खिचडी ही यंत्राच्या दृष्टीने न्याहारीच.

इस्पितळांत क्ष-किरणांनी चरबी मोजतात, ती ‘डेक्सा’ पद्धत अधिक विश्वसनीय मानली जाते. तीही न्याहारीपासून मुक्त नाही; पण तेथे पोटातले अन्नपाणी बहुतांशी चरबीविरहित देहाच्या खाती पडते. बशी एकच, पण एका वहीत ती चरबीच्या नावे आणि दुसरीत मांसाच्या नावे! कातडीची घडी चिमट्यात धरून मोजण्याच्या जुन्या पद्धतीस जेवणाचे फारसे सोयरसुतक नाही, मात्र मोजणाऱ्याचा हात सरावाचा हवा.

एवढा घोळ कशासाठी, असे कोणी म्हणेल. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन पाहिले तर दोघे सारखे. दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३. ‘डेक्सा’ने मोजलेली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय अंगाने बेताचे दिसत असलो तरी चरबी आत दडलेली असू शकते, आणि मधुमेहाशी तिचा संबंध निकटचा आहे. म्हणून मोजणे आवश्यकच, पण ते धड मोजले पाहिजे. गेल्या वर्षीच्या शिबिरात मंडळातील एका काकूंची पाळी दुपारी भोजनानंतर आली. आकडा बरा निघाला, म्हणून त्यांनी रक्तातील साखर तपासण्याचे पुढे ढकलले. सुनेने चार महिन्यांनी हट्टाने नेले तेव्हा साखर बरीच वाढलेली आढळली. उलट एका गृहस्थांनी कचोऱ्या आणि सिंघाडे (आपला समोसा, आपली मुलेही आता त्यास सिंघाडाच म्हणतात) खाऊन लगेच मोजून घेतले आणि धास्तीने रात्रीचे जेवणच सोडले.

तेव्हा सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी मोजावे. चहाही नंतर. ते जमत नसेल तर खाल्ल्यावर निदान चार तास जाऊ द्यावेत आणि दर वेळी तीच वेळ, तेच यंत्र ठेवावे. व्यायाम करून घामाघूम होऊन त्यावर चढू नये. स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवस टाळलेले बरे, कारण त्या सुमारास अंगात पाणी साठते. रोजच्या चढउतारास अर्थ नाही. महिन्या-दोन महिन्यांचा कल पाहावा. शेजाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहणे तर व्यर्थच, कारण प्रत्येक यंत्राचे सूत्र निराळे. जोडीला साधी फीत घेऊन उपाशीपोटी कंबर मोजावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे ती गेली, तर यंत्र काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जावे.

यंदाचे शिबिर सकाळी साडेसहास सुरू करण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. उपाहार समितीस माझी नम्र विनंती आहे, की पोह्यांची पातेली मापनाचे टेबल उठेपर्यंत स्वयंपाकघरातच ठेवावीत आणि फोडणीचा वास शक्यतो सभागृहात येऊ देऊ नये.