तिथी पाहून समुद्र



आम्ही पुणतांब्याची माणसं गोदाकाठची. पोहायला नदीतच शिकलो. त्यामुळं समुद्राला निघालो की मनात एक भलताच विश्वास असतो, पाणी ते पाणी! दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की गावागावातून कोकणच्या गाड्या ठरू लागतात, म्हणून मुद्दाम बोलतो आहे.

नदी ओढते ती एकाच दिशेनं. समुद्र पुढं ढकलतो, माघारी खेचतो, आणि जाता जाता पायाखालची वाळूही काढून नेतो. काही ठिकाणी किनाऱ्यावर आलेलं पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून जोरानं परत आत जातं. तिथं लाटा कमी दिसतात आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. अशा ओढीत कुणी सापडलंच, तर किनाऱ्याकडं झगडत येऊ नये; किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं. गणपतीपुळ्याला दर्शनाला जरूर जा, पण तिथल्या पाण्यात पोहायला उतरू नका. हे मी घरच्या पोरांना दर वेळी बजावतो.

किनारा निवडताना मी आधी सोबत कोण आहे ते बघतो. लहान मुलं असली तर दिवेआगर. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, की पुढं तो लांबलचक सपाट किनारा आणि मागं नारळी-पोफळीच्या वाड्या. किल्ल्याची हौस असेल तर अलिबाग. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. मार्चच्या सुमारास जमलं तर वेळास, तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडं निघताना दिसतात.

किनारा ठरला तरी वेळ साधावीच लागते. त्यासाठी कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडं-पलीकडं. थोडा फरक पडतो, म्हणून तिथल्या माणसांनाही विचारायचंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी.

आमच्या आत्याला पाऊणकी तोंडपाठ. एकदा भाऊबीज उरकून आम्ही हरिहरेश्वरला पोचलो, तेव्हा चतुर्थी होती. तिथली प्रदक्षिणा कातळातल्या पायऱ्या उतरून थेट समुद्रालगत जाते, आणि ती ओहोटीलाच करता येते. आत्यानं बोटांवर मोजलं, "चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला जाऊ." नऊला गेलो. कातळावर लाटांनी कोरलेली छोटी छोटी भोकं होती, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. आत्या प्रत्येकाला हात लावत चालली. मध्येच तिनं विचारलं, "आपल्या गोदावरीचं पाणी इथं येतं का रे?" मी सांगितलं, गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून हा समुद्र जवळच, पण ती पाठ फिरवून 1465 किलोमीटर पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. आत्या थोडा वेळ गप्प राहिली.

दुपारी तीनला ती मला पुन्हा त्या पायऱ्यांच्या तोंडाशी घेऊन गेली. सकाळी आम्ही जिथं टेकलो होतो, तो कातळ फेसाखाली गेला होता. आत्या वरूनच पायऱ्या मोजत होती, पाण्यात किती गेल्या आणि किती उरल्या.