सुट्टीतल्या फोटोत आईही हवी

दिवाळी आठ दिवसांवर आली. कुणाची भाजणी दळून झाली असेल, कुणी फराळाचे डबे घासून उन्हात पालथे घातले असतील. हात कामात असू द्या, कान मात्र थोडा वेळ आमच्याकडे द्या. आम्ही टिटवाळ्याच्या पाचजणी बोलतोय. आमचा बचत गट आहे आणि गेली काही वर्षं सणासुदीला, सुट्टीच्या दिवसांत आम्ही लोकांचे फोटो काढून देतो. आज त्याच कामाबद्दल सांगायचं आहे. ज्यांना हा धंदा करायचाय त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात फक्त एक मोबाईल आहे त्यांच्यासाठीसुद्धा.

आम्ही काही पहिल्यापासून फोटोवाल्या नव्हतो. दुर्वांच्या जुड्या आणि जास्वंदीचे हार विकायचो. मग आमच्यातल्या एकीच्या सासूबाई गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू झाली. घरातल्या तीन मोबाईलमध्ये नातवंडांचे, वाढदिवसांचे, लग्नांचे शेकडो फोटो होते. सासूबाई मात्र कुठे पाठमोऱ्या, कुठे ताट वाढतानाचा नुसता हात. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला आणि त्याला हार घातला. पाच वर्षांची नात समोर उभी होती. ती म्हणाली, "ही कोण? आपली आजी कुठाय?"

त्या रात्री आम्ही पाचहीजणींनी आपापल्या घरी शोधलं. चौघींकडे आईचा एकटीचा, नीट, हसरा असा एकही फोटो निघाला नाही. कारण तुम्हालाही ठाऊक आहे. सगळे जमतात तेव्हा ती चुलीपाशी असते. नाहीतर फोन तिच्याच हातात देतात, "तू काढ गं." आणि कुणी बोलावलंच तर ती म्हणते, "माझा कशाला मेला, मी ही अशी अवतारात." असं म्हणत म्हणत आयुष्य निघून जातं.

आमचं टिटवाळा कल्याणच्या पुढे, कसारा मार्गावर. शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. इथल्या महागणपतीची कथा शकुंतलेशी जोडलेली आहे. कण्व मुनींचा आश्रम इथेच होता आणि त्यांच्या सांगण्यावरून शकुंतलेने इथे गणपती पुजला, असं सांगतात. तिची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अंगठी हरवली आणि दुष्यंताने तिला ओळखलंच नाही. एक खूण नव्हती म्हणून जिवंत बाई समोर असून अनोळखी ठरली. फोटो ही तशीच खूण आहे. ती वेळेवर करून ठेवावी लागते.

गटाच्या बचतीतून कर्ज घेऊन आम्ही एक जुना कॅमेरा घेतला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या दादांकडून दोन महिने शिकलो. आता संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, की आम्हाला दम घ्यायला फुरसत नसते. गणेशोत्सव, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, माघी गणेश जयंती आणि मे महिना हे आमचे हंगाम. मुंबई, ठाण्याकडून घरंच्या घरं दर्शनाला येतात. दिवाळीत आम्ही आजूबाजूच्या गावांतही जातो, कारण भाऊबीजेला लेकी माहेरी आलेल्या असतात. वर्षातून एकदाच सगळे एका अंगणात सापडतात.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट उजेड. फोटो कॅमेऱ्याने निघत नाही, उजेडाने निघतो. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना फोटो काढला की डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते, माणूस आजारी दिसतो. सकाळी नऊच्या आत काढा, नाहीतर दुपारी चारनंतर. दिवाळीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेपाचची वाट बघत बसू नका. दुपारीच काढायची वेळ आली तर ओटीच्या सावलीत, दाराच्या अगदी कडेला उभं करा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. पाठीमागे उघडी खिडकी नको, चेहरा काळा पडतो.

चेहऱ्यावर उजेड कमी वाटला तर पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा छातीच्या खाली, फोटोत येणार नाही असा धरा. त्याच्यावर आपटून उजेड वर चेहऱ्यावर येतो. सावळ्या चेहऱ्यासाठी हे फार उपयोगाचं आहे. पुष्कळ जणी आम्हाला सांगतात, "ताई, जरा गोरं करा." आम्ही मोबाईलमधलं ते गोरं करणारं फिल्टर वापरत नाही. त्याने नाक, गाल, सुरकुत्या सगळं पुसलं जातं आणि उरतो तो कुणाचा तरी भलताच चेहरा. आधार कार्डावरच्या फोटोला नात म्हणाली तेच मग इथेही होतं. रंग उजळू नका, उजेड वाढवा.

दुसरी गोष्ट अंतर. मोबाईलवर दोन बोटांनी चित्र मोठं करू नका, फोटो फुटतो. चार पावलं पुढे जा. पण अगदी नाकाशी नेलात तर नाक मोठं आणि कान बारीक दिसतात. एका माणसाचा फोटो असेल तर साधारण चार-पाच फुटांवर उभ्या राहा. फोन समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. लहान मूल असेल तर खाली बसा. आजी खाटेवर बसल्या असतील तर तुम्ही स्टुलावर बसा. आणि त्याआधी पदराच्या मऊ टोकाने फोनची काच पुसून घ्या. तळणाचा हात लागलेला असतो, त्यानेच निम्मे फोटो धुरकट येतात.

तिसरी गोष्ट माणसं उभी करणं. उंच मागे, बुटके पुढे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्याचं डोकं पुढच्या दोघांच्या मधून दिसलं पाहिजे. सगळ्यात कडेला कोण उभं आहे ते आम्ही आवर्जून बघतो. बहुतेक वेळा तिथे घरातली विधवा काकू असते, नाहीतर नवऱ्याने टाकलेली आत्या, नाहीतर स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली सून. आम्ही काही भाषण देत नाही. नुसतं म्हणतो, "काकू, तुम्ही इकडे या, मधे उंची जुळत नाहीये." उंचीच्या नावाखाली त्या मधे येतात. एकदा अशाच एका काकू खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे गेल्यापासून पहिल्यांदाच पुढे बसले." घरातल्या कुणाचीही हरकत नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं इतकंच.

माणूस कॅमेऱ्यासमोर ताठ होतो. "हसा, हसा" म्हटलं की आणखी ताठ होतो. त्यापेक्षा काहीतरी विचारा. चकल्या यंदा खुसखुशीत झाल्या की नरम पडल्या? नातीचं नाव कुणी ठेवलं? उत्तर देताना चेहरा सैल होतो, तेव्हा काढा. घोळक्याचा फोटो एकच काढून थांबू नका. पाच-सहा काढा, कारण कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. चष्मा चकाकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

पणत्यांच्या उजेडातला फोटो सगळ्यांना हवा असतो आणि तो सगळ्यांचाच हलतो. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते, तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट येतं. फ्लॅश मारलात तर पणतीची सगळी शोभा जाते. फोन हातात धरूच नका. फराळाच्या डब्याला टेकवून ठेवा, टायमर लावा, आणि ज्यांचा फोटो आहे त्यांना तीन आकडे मोजेपर्यंत स्थिर बसायला सांगा. पणत्या एकदोन नकोत, सात-आठ एकत्र ठेवा आणि चेहरा त्यांच्या जवळ आणा. पदर आणि मोकळे केस मात्र सांभाळून. टायमरचा दुसरा फायदा असा की फोटो काढणारीही धावत येऊन फोटोत बसू शकते.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. पहिल्याच अंगारकीला एका घरातल्या अकरा माणसांचा फोटो काढला. मधे पंचाऐंशीच्या पुढच्या पणजीबाई. पैसे घेतले, फोन नंबर कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिला आणि संध्याकाळी पाठवतो म्हणून सांगितलं. गर्दीत तो चिठोरा हरवला. फोटो एकाच कार्डात होते, दुसरीकडे घेतलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात ते कार्डही बिघडलं. तीन महिन्यांनी त्या घरातला मुलगा आम्हाला शोधत आला. पणजीबाई गेल्या होत्या. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "तेवढाच एक होता हो." पैसे परत दिले. पण ते काही पैशांचं काम नव्हतं.

तेव्हापासून आमचे नियम ठरले. वहीत नाव, नंबर आणि फोटोचा क्रमांक लिहायचा. गिऱ्हाईक समोर असतानाच त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. रोज रात्री झोपण्याआधी सगळे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचे. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होतो, छापताना धूसर येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आहे तसा जातो.

धंद्याचंही थोडं. भाव आधी सांगायचा आणि पाटीवर लिहायचा, काढून झाल्यावर घासाघीस नको. गर्दीच्या दिवशी एकजण फोटो काढते, एकजण वही सांभाळते, एकजण माणसं उभी करते. चार्ज केलेली जादा बॅटरी हवीच. देवळाचा जो नियम असेल तो पाळायचा, गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याचा हट्ट करायचा नाही, आणि भाविकांच्या वाटेत उभं राहायचं नाही. कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि विचारल्याशिवाय कुठे टाकायचा नाही. मुलींच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही. एखादी म्हणाली, "माझा फोटो पुसून टाका," तर कारण न विचारता तिच्यासमोर पुसायचा. गावात आमच्यावर विश्वास बसला तो यामुळे. बाया आमच्यासमोर पदर सारखा करत मोकळ्या हसतात, कारण हा फोटो फिरणार नाही हे त्यांना माहीत असतं.

बाईच्या हातात कॅमेरा बघून सुरुवातीला लोक विचारायचे, "फोटोग्राफर कुठाय?" तेव्हा आमचे दादा आम्हाला होमाई व्यारावाला यांचं नाव सांगायचे. त्यांचा जन्म 1913 सालचा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात त्या शिकल्या आणि देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. म्हणून आम्ही आमच्या पावतीवर पाचहीजणींची नावं छापली आहेत.

शेवटचं सांगतो. फोन पडतो, पाण्यात जातो, बदलला जातो. वर्षाला निदान दोन फोटो छापून घ्या, साध्या चार बाय सहाच्या आकारात. मागे पेन्सिलीने नावं, गाव आणि तारीख लिहा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. नुसतं "आई" लिहू नका, तिचं पूर्ण नाव लिहा. पन्नास वर्षांनी तो फोटो कुणाच्या हातात पडेल तेव्हा आई कुणाची हे सांगायला आपण नसू.

आणि यंदाच्या भाऊबीजेला एक काम करा. ओवाळून झालं की सगळ्यांना अंगणात बोलवा, आणि ज्या बाईने आठ दिवस फराळ केला तिला स्वयंपाकघरातून बाहेर आणा. "मी अशी अवतारात" म्हणेल, म्हणू द्या. पाच मिनिटं द्या, तोंड धुऊन येऊ द्या, आवडीचं लुगडं नेसू द्या. तिला मधे बसवा. ती बाई तुम्हीच असाल तर फोन मुलाच्या हातात द्या आणि स्वतः जाऊन मधे बसा. कुणी बोलावण्याची वाट बघू नका.

तुम्हा सगळ्यांना टिटवाळ्याच्या पाचजणींकडून दिवाळीच्या शुभेच्छा. नमस्कार.