दैव म्हणतां तें काय?



गांवांतला मुलगा परीक्षेंत नापास झाला कीं आपण म्हणतों, 'त्याच्या कपाळींच नव्हतें.' पुराणिकबुवा पूर्वसंचिताचा दाखला देऊन मोकळे होतात. उलट मोठ्या हुद्द्यावर गेलेला आमचाच भाऊ मिशीवर हात फिरवून सांगतो, 'मी स्वतःच्या कर्तबगारीनें वर आलों.' मला हीं दोन्ही मतें सारखींच खोटीं वाटतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेंच पाहा. त्यांच्या बुद्धीबद्दल व कष्टांबद्दल शंका कोण घेईल? पण १८९१ सालीं महू येथें त्यांचा जन्म झाला तेव्हां वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेंत हेडमास्तर होते. पलटणींत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकविण्याची सोय होती. म्हणून ज्या जातीला गांवच्या शाळेंत शिवूं देत नसत तिच्या एका घरांत पुस्तकें आलीं. पुढें थोड्याच वर्षांत सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली. तीच बुद्धि घेऊन एखादें मूल त्यानंतर गांवकुसाबाहेर जन्मलें असेल, तर त्याचें नांव आज कोणास ठाऊक आहे?

मुंबईंत चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसणाऱ्या या मुलाकडे शिवचरित्रकार केळुसकर गुरुजींचें लक्ष गेलें. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. पुढें गुरुजींच्याच खटपटीनें सयाजीरावमहाराजांनीं त्याला कॉलेजसाठीं दरमहा २५ रुपये दिले, व १९१३ सालीं बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेस गेला. गुरुजी बागेंत भेटले हें दैव म्हणा हवें तर. पण बडोद्याची शिष्यवृत्ति हें दैव नव्हे; तें एका राजाचें धोरण होतें. त्याच सयाजीरावांनीं १९०६ सालीं सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. कोल्हापुरांत शाहूमहाराजांनीं १९०२ सालीं नोकऱ्यांच्या रिकाम्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. मग हजारों घरांचें 'नशीब' एकदम कसें उघडलें? ग्रह तर तेच होते!

आतां आपल्या गांवाकडे येतों. दिवाळी झाली कीं माझ्या पटावरचीं कांहीं पोरें आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात व चैत्रांत परततात, तों पाढे विसरलेले असतात. त्यांत एक मुलगी अशी आहे कीं तोंडी हिशेबांत ती मला मागें टाकते. तिच्या आजीला डोळ्यांनीं दिसत नाहीं, तिच्याजवळ पोर ठेवावी कशी, हा आईचा प्रश्न खराच आहे.

या मुलांना चार-पांच महिने येथेंच राहण्याजेवणाची सोय पाहिजे. एक खोली, पांच पायली ज्वारी, रात्रीं सोबतीला एक म्हातारी बाई, एवढ्यानें सुरुवात होईल. ज्यांचे मुलगे शहरांत साहेब झाले आहेत त्यांनीं आधीं पुढें यावें. सभा सुटल्यावर मी वही घेऊन दाराशीं बसतों.